चौदा खणांचं घर

गोकुळदास पेढ्यांचा पुडा घेऊन वर आला, तेव्हाच मी ओळखलं की हा माझ्या बिऱ्हाडावर उठलाय. त्याच्या बापाने पंचेचाळीस वर्षांत आम्हाला साखरेचा कण दिला नाही. हा मस्कतहून येऊन चार महिने झाले नाहीत, आणि पेढे.

बस म्हटलं, कदेल पुढे केली. बसला, पण खुर्चीला पाठ टेकली नाही. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. मी म्हटलं, गुडघे माझे, तुला कशाला दुखतात. मग बाजार किती वाढला, गाड्यांचा किती आवाज, या वयात माणसाला कशी शांतता हवी, हे सगळं झालं. मालकाचा मुलगा गोड बोलत असला की मध्ये तोंड घालू नये, कुठे वळतो ते बघावं.

आमची ही इमारत डिचोलीच्या बाजारात. खाली पाच दुकानं, वर सहा बिऱ्हाडं, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. टोकाच्या दोन खोल्या आणि मागची स्वयंपाकाची पडवी आमची. माझे यजमान यशवंत खाणीवर ट्रक चालवायचे, तेव्हापासून. त्या दिवसांत इथे खोली मिळायला वशिला लागायचा. जनेल उघडं राहिलं तर तासाभरात मेजावर लाल धूळ बसायची, पण त्या धुळीवरच बाजार जगत होता. मग खाणी बंद झाल्या आणि बाजाराचा जीव गेला. लोकांच्या अंगणात ट्रक गंजत उभे राहिले. खालचा टायरवाला गेला, समोरच्या खानावळीला कुलूप लागलं, आणि वरची बिऱ्हाडंही एकेक करून उठली. कोणी दोडामार्गला गावी, कोणी म्हापशाला मुलाकडे. आठ वर्षं त्या अख्ख्या मजल्यावर मी, माझा मुलगा सगुण आणि त्याची बायको विनोदिनी, एवढेच. बाकीच्या रिकाम्या खोल्यांना कुत्रं विचारत नव्हतं. दर मे महिन्यात कौलं परतायला माणूस मी शोधायची, मालक नव्हे.

आता मोपाला विमानतळ झाला. तुयेला कारखाने वाढले, सगुणही तिथेच लागला. बाजाराला परत रंग चढला, आणि खरोखरचा रंग. टायरवाल्याच्या जागी काचेच्या दाराचं कॉफीचं दुकान आलं, भिंती हळदीसारख्या पिवळ्या. गोकुळदासाने रिकाम्या खोल्यांत नव्या लाद्या घातल्या, संडास आत आणला, आणि विमानतळावर नोकरी करणाऱ्या मुलामुलींना त्या भाड्याने दिल्या. एका खोलीचं भाडं सगुणच्या अर्ध्या पगाराएवढं. तरी रांग. राहिल्या आमच्या दोन, बाजारावर जनेलं असलेल्या, सगळ्यांत चांगल्या.

शेवटी तो वळला. "काकी, मी तुम्हाला रस्त्यावर काढत नाही. इब्रामपूरला तुमचं चौदा खणांचं घर आहे, तुम्हीच तर सांगता. मग या दोन खोल्यांत कशाला कोंडून घेता?"

माझं घर किती खणांचं ते मोजायला तुला ठेवला नाही, असं सांगून मी पुडा त्याच्याच हातात परत दिला. गॅलरीतून जाताना तो हसत होता. ते हसणं मला आवडलं नाही.

पंधरा दिवसांनी कचेरीचा कागद आला. मी भेडशीच्या शाळेत दुसरीपर्यंत गेले, मराठी अक्षर लावून लावून वाचते, इंग्रजी नाही. विनोदिनीने वाचून सांगितलं. गोकुळदासाने खोल्या खाली करून मिळाव्यात म्हणून दावा लावला होता. सदर बाईचं पेडणे तालुक्यात स्वतःचं मोठं घर आहे. सर्व्हेच्या उताऱ्यावर तिच्या नवऱ्याचं नाव आहे. कुटुंब दर चवथीला तिथे जातं, गणपती तिथेच बसतो, बाजारातल्या खोल्या म्हणजे नुसती सोय. खाली साक्षीदार म्हणून नाव होतं शांताचं. शांता आमच्या जिन्याखाली फुलं विकते. माझ्या वयाची, आणि चाळीस वर्षं माझी मैत्रीण.

कागद घडी करत विनोदिनी म्हणाली, यात खोटं असं काहीच नाही. मी म्हटलं, तू भात बघ, करपतोय.

खोटं काय होतं ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि इब्रामपूरला माझ्या थोरल्या दिरांना. आमच्याकडे घराण्याचा गणपती एकच, तो मूळ घरात. भाऊ मुंबईला असोत की मडगावला, चवथीला सगळे तिथे जमणार. भाड्याच्या जागेत कोणी वेगळी मूर्ती आणली तर लोक समजायचे की भाऊ तुटले. म्हणून बाजारातल्या एकाही बिऱ्हाडात गणपती बसत नसे, आमच्याही नाही. आम्ही इब्रामपूरला जायचो, दीड दिवस राहायचो, परत यायचो. बघणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही.

पण नव्वद साली यजमानांना स्वतःचा ट्रक घ्यायचा होता. थोरले दीर कृष्णनाथ यांनी पैसे दिले आणि घरातला आमचा वाटा लिहून घेतला. आमच्या गोव्यात बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला वाटा सोडता येत नाही, म्हणून पेडण्याच्या कचेरीत मलाही नेलं. दुसरीपर्यंत शिकलेली सही मी पहिल्यांदा तिथे वापरली. बाहेर आल्यावर दीर म्हणाले, कागद कागदाच्या जागी राहील. गणपती एकच, तुम्ही येत जा, गावाला कळायची गरज नाही. धाकट्या भावाला घराबाहेर काढला हे नाव त्यांना नको होतं. घर विकून ट्रक घेतला हे आम्हाला नको होतं. उताऱ्यावरचं नावही म्हणूनच तसं ठेवलं.

ट्रक सात वर्षांत मोडीत निघाला. पुढे यजमानही गेले. घर मात्र मी जिभेवर उभं ठेवलं. बाजारात कोणी फ्लॅट घेतला की मी म्हणायची, असल्या खुराड्यांचं आम्हाला काय, आमचं चौदा खणांचं घर आहे. विनोदिनीला तर ती लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून ऐकवलं. तिचं माहेर कारापूरला, तीन खोल्या, बाप भाजी विकतो. चौदा खणांच्या घरात आलीस, माहेरची सवय सोड, असं बारा वर्षं चाललं होतं. सगुण त्या सहीच्या वेळी चार वर्षांचा. त्यालाही काही ठाऊक नव्हतं.

सगुणने वकीलबाई गाठली. पोर हुशार, बोलायची मोजकं. तिने मला विचारलं, आजी, गावच्या घराची वाटणी झालीय का, काही लिहून दिलंय का कधी. मी नाही म्हटलं. सगुण बाजूला बसला होता, त्याची मान ताठ झाली. वकीलबाईने पेन खाली ठेवलं आणि साफ सांगितलं, की त्या घरात हक्क नाही हे दाखवता आलं तरच या खोल्या राहतील. नाहीतर उतारा त्यांच्या बाजूने, साक्षीदार त्यांच्या बाजूने. आपल्या हातात काही नाही.

घरी आल्यावर विनोदिनी आतल्या खोलीत जाऊन सगुणला विचारत होती, इथून निघावं लागलं तर डिचोलीत आपल्याला कुठली जागा परवडेल. तो म्हणाला, डिचोलीत कुठलीच नाही. मी जनेलापाशी बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाते सांगून निघाले आणि दोन बस बदलून इब्रामपूर गाठलं. चवथीखेरीज मी तिथे गेले नव्हते, त्यामुळे माझी जाऊ देवकी दारातच दचकली. दीर ओट्यावर बसले होते. ऐंशी उलटली, पण कान शाबूत. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, तो कागद कचेरीत दाखवावा लागेल.

ते बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिले. मग म्हणाले, "कागद बाहेर काढलास तर या चवथीपासून इथे येऊ नको. गावाने विचारलं तर मी काय सांगू?"

"गावाला काय सांगायचं ते तुम्ही बघा, भावोजी. मी राहू कुठे, ते मला सांगा."

"हे घर काय पडलंय?"

"यातली कुठली खोली?"

त्यांनी देवकीकडे बघितलं. देवकीने मागच्या खोलीकडे बघितलं. यजमान होते तेव्हा आम्हाला द्यायचे ती खोली. दार अर्धं उघडं होतं आणि आत सुपारीची पोती छपरापर्यंत लावलेली. देवकीने चहा आणला, तो मी घेतला. न घेता उठले असते तर भांडण झालं असतं, आणि मला अजून भांडायचं नव्हतं.

परत येताना ठरवलं असं नाही. कागद घरी ट्रंकेत होता तो पिशवीत ठेवला, एवढंच. कोणाला सांगितलं नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी शांताने मला जिन्याखाली अडवलं. तिला वाटत होतं ती माझ्याच कामाला चाललीय. गोकुळदासाने तिला एवढंच विचारलं होतं की काकींच्या गावच्या घराबद्दल ठाऊक आहे ते साहेबांसमोर सांगशील का, आणि हिने आनंदाने हो म्हटलं होतं. "भिऊ नको गो, चंद्राबाय. तुझं नाव असं उंच ठेवते की त्या पोराला कळेल कोणाशी गाठ आहे."

तोंडापर्यंत आलं होतं, की बाई, तू घरी बस. पण का बसू म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होते? मी एक शेवंतीची वेणी घेतली आणि वर आले.

कचेरीत साहेब तरुण होता, चेहऱ्यावर काही दिसू न देणारा. एका बाजूला गोकुळदास आणि त्याचा वकील, एका बाजूला आम्ही. सगुणने रजा टाकली होती. विनोदिनी तिची लग्नातली साडी नेसून आली होती, चौदा खणांच्या घरची सून दिसावी म्हणून. आमच्या वकीलबाईने मला कानात सांगितलं, विचारतील तेवढंच बोला.

शांताला उभं केलं. वकिलाने विचारलं आणि ही जी सुटली ती थांबेना. ही काही अशीतशी बाई नव्हे साहेब, मोठ्या घरची आहे. चौदा खण, पुढे अंगण, मागे पोफळीचं कुळागर. चवथीला गणपतीवर टांगायची माटोळी एवढी की रानातली फळं बांधायला सोळा माणसं लागतात. गौरीला कारवारहून पाहुणे येतात. पन्नास पानं उठतात. वकील मान हलवत होता, कारकून लिहून घेत होता. यातलं एकेक वाक्य मी तिला दिलेलं होतं. कारवारचे पाहुणे एकदा आले होते, एकाहत्तर साली, माझं लग्न व्हायच्या आधी. पन्नास पानं मी कधी मोजली नाहीत. ऐकताना मला बरंही वाटत होतं आणि मांडीवरची पिशवीही मी घट्ट धरली होती. आणि विनोदिनी हनुवटी वर करून गोकुळदासाकडे बघत होती.

आमच्या वकीलबाईने उठून विचारलं, तुम्ही ते घर स्वतः बघितलंय का?

शांता रागावली. "बघायला कशाला हवं? चाळीस वर्षं ऐकतेय. ही खोटं बोलणारी बाई नव्हे."

वकीलबाई खाली बसली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आजी, तुम्हाला यावर काही सांगायचंय का. मी उठले. खोलीत पंखा फिरत होता आणि प्रत्येकाचं तोंड माझ्याकडे. नाही म्हणाले असते तर चाललं असतं. मोठ्या घरची बाई म्हणून कचेरीतून बाहेर पडले असते, महिन्याभराने सामान टेंपोत भरलं असतं, आणि टेंपो कुठे न्यायचा ते कोणालाच सांगता आलं नसतं.

"साहेब, ते घर माझं नाही."

वकीलबाईने माझ्या पदराला हात लावला. मी पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला. तिने पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. मग कागद साहेबांपुढे गेला. त्यांनी सगळा वाचला. गोकुळदासाच्या वकिलाने मागितला, त्यानेही वाचला. तो म्हणाला, हा आजच बरा निघाला. साहेब म्हणाले, शिक्का नव्वद सालचा आहे.

"ही सही तुमची?" साहेबांनी विचारलं.

"माझी. आणि वरची माझ्या नवऱ्याची. नव्वद सालापासून त्या घरात आमचा खिळासुद्धा नाही."

"मग इतकी वर्षं लोकांना काय सांगत होता?"

"आमचं आहे म्हणून सांगत होते."

"का?"

"दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं."

कारकुनाने विचारलं, हे लिहू का. साहेब म्हणाले, शेवटचं नको. मी तेवढ्यात शांताकडे बघितलं. ती अजून साक्षीदाराच्या जागीच उभी होती, हाताची घडी घालून. तिला कोणी जा म्हणालं नव्हतं. मग तिची तीच निघाली आणि माझ्या खुर्चीजवळून गेली, पण वळली नाही. आता मी तिच्याकडून फुलं घेते, ती पुड्यात घालून देते. वर बघत नाही.

कचेरीतून आमचं बिऱ्हाड चालत दहा मिनिटं. सगुण पुढे, मध्ये मी, मागे विनोदिनी. घरी आल्यावर सगुण गॅलरीत जाऊन उभा राहिला. विनोदिनीने साडी बदलली, भाजीची जुडी सोडली आणि विळी घेऊन बसली. मी तिच्यासमोर लसूण सोलायला घेतली आणि वाट बघत राहिले. माझ्या जागी ती असती, तर मी कचेरीच्या पायरीवरच सुरू केलं असतं.

तिने पूर्ण जुडी चिरली. मग मान वर न करता म्हणाली, "माझ्या बापाच्या तीन खोल्या त्याच्या नावावर तरी आहेत, आई."

मी लसूण सोलत राहिले, जरुरीपेक्षा जास्तच सोलली.

निकाल तीन आठवड्यांनी आला. दावा फेटाळला. वकीलबाई म्हणाली, गोकुळदास वर अपील करील, पण त्याला वर्षं लागतील, आणि आपली बाजू आता घट्ट आहे. निघताना मला म्हणाली, आजी, पुढच्या वेळी वकिलाशी तरी खरं बोला. मी म्हटलं, पुढच्या वेळेपर्यंत मी असले तर.

त्याच संध्याकाळी इब्रामपूरचा फोन आला. दिरांपर्यंत बातमी कशी गेली ते विचारलं नाही. निम्मं इब्रामपूर डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला येतं. त्यांनी विचारलं, कागद दाखवलास? मी दाखवला म्हटलं. ते म्हणाले, मग चवथीला येऊ नका. आवाज चढलेला नव्हता. मागून देवकी काहीतरी म्हणत होती ते ऐकू आलं, आणि फोन ठेवला गेला.

चवथ अठरा दिवसांवर होती. सगुण जमिनीवर बसला होता, आणि त्याचा चेहरा बघून मला यजमानांची आठवण झाली. त्याने विचारलं, मग आता या वर्षी काय करायचं? त्याने विचारलं ते गणपतीचं, पण त्याला भीती दुसरीच होती. इथे मूर्ती आणायची म्हणजे आम्ही तुटलो हे आमच्याच तोंडाने सगळ्या बाजाराला सांगायचं. न आणायची म्हणजे देव नसलेलं घर.

मी म्हटलं, सकाळी मूर्तिकाराच्या चित्रशाळेत जा आणि मूर्ती सांगून ये. आता उशीर झालाय, तयार असतील त्यातली बघ. पण लहान घेऊ नको.

"केवढी?"

"इब्रामपूरला असते तेवढी."

"आई, ती या जिन्याच्या वळणावरून वर यायची नाही."

"मग गोकुळदासाला सांग, जिना रुंद करून दे. मालक आहे ना?"

सगुणला हसायचं की नाही ते कळेना. आतून विनोदिनी आली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडून हातात घेतली आणि सगुणला म्हणाली, उठा, टोक धरा, माप घेऊन बघू. दोघं जिन्याच्या वळणावर गेले. ती भिंतीला दोरी लावत होती, तो कठड्याला.

मी वरच्या पायरीवर उभी राहिले. दोरी सैल धरली होती तिने.

"ताणून धर गो," मी म्हटलं. "असं मापलंस तर देव वळणावरच अडकून बसेल."

"मला कळतंय," ती म्हणाली, आणि दोरी ताणली.